फटीतली हवा

४ जानेवारी

धनंजय,

तारेच्या शेवटच्या टोकाला जन्मलेल्या माझ्या भावा, तुझं आणि माझं दुखणं एकच आहे. लाखांदूरहून निघालेली वीज वाटेतल्या गावांची पोटं भरत आपल्या दारात यायची, तेव्हा तिच्यात बल्बची तार लाल करण्यापुरतंच बळ उरायचं. त्या लाल उजेडात आपण दोघं एकाच पुस्तकावर डोकी टेकवून वाचलं. बिल मात्र पूर्ण उजेडाचं यायचं. कमी दाबाने मोटर जळायची, धानाचं रोवणं अर्ध्यात थांबायचं, आणि ऑफिसातला साहेब म्हणायचा, "शेवटच्या टोकाला असंच असतं." असंच का असतं? हा प्रश्न आपल्या दोघांच्याही छातीत तेव्हाच पेटला. तू तो घेऊन बंगळुरूच्या प्रयोगशाळेत गेलास. मी तो घेऊन रस्त्यावर बसलो.

आता कोण जिंकलं ते ऐक. आपल्या शिवारात बांधून ओस पडलेल्या सबस्टेशनला परवा ट्रान्सफॉर्मर आला. ट्रेलर तलावाच्या पारीवर, बांधावर चढला आणि डफ वाजायला लागला. बायांनी आरत्या आणल्या. मला लोकांनी उचलून ट्रेलरवर चढवलं, तिथून ट्रान्सफॉर्मरवर. मी त्या लोखंडी पेटीवर उभा राहून बोललो. बाजूला कुठेतरी माझ्या फोटोचा फ्लेक्सही बांधलेला होता, वाऱ्याने नुसता फडफडत होता. बाबांच्या तेरवीला तू चार लोकांत म्हणाला होतास, "भाऊच्या भाषणानं बल्ब लागते का?" लोक हसले होते. तेव्हापासून आपण बोललो नाही. तेच लोक परवा टाळ्या वाजवत होते, धनंजय. सव्वीस जानेवारीला हा ट्रान्सफॉर्मर चार्ज होईल, त्यात वीज सोडली जाईल, आणि ती तारीख मी जाहीर केली आहे.

पण गुड्डीने टाळी वाजवली नाही. तुला माहीत नसेल, कारण तू माझ्या सभा कधी ऐकल्याच नाहीस. माझ्या सभेत टाळीची सुरुवात माझी मुलगीच करते. शाळेत होती तेव्हापासून ती पहिल्या ओळीत बसते. मी कुठे थांबणार हे तिला माझ्याआधी कळतं. परवा ती खाली उभी राहून मोबाईलमध्ये ट्रान्सफॉर्मरचे फोटो काढत होती. माझे नाही, ट्रान्सफॉर्मरचे. घरी आल्यावर आई सहज म्हणाली, "थे पोरगी रोज धन्यासंगं बोलते ना. त्यालेच पाठवत असन."

रोज! माझ्या घरात, माझ्या पाठीमागे!

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी सुट्टीत घरी येते ती बापाशी बोलायला, की लॅपटॉपमधल्या काकाशी? तू तिला काय शिकवतो आहेस, आणि कोणाला विचारून? फोन करू नकोस. पत्र लिही. पत्रात मला मध्येच कोणी तोडत नाही.

इश्वर


९ जानेवारी

धनंजय,

मी दोन पानं लिहिली आणि तू गुड्डीच्या मोबाईलवर दोन ओळी पाठवल्यास. "भाऊ, ती स्वतःच शिकते आहे. मी फक्त प्रश्न विचारतो." वा! माणसाने नम्र असावं तर असं. नम्रतेचा फ्लेक्स लावत नाहीत एवढंच.

त्या दोन ओळी दाखवून तिने मला खाटेवर बसवलं आणि लॅपटॉप मांडीवर ठेवला.

"बाबा, हे बुशिंग हाये. तार ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पेटीत शिरते ना, थे लोखंडाले लागू नाही म्हणून हा चिनी मातीचा खांब."

"मी त्याच्या बाजूलेच उभा होतो. मले माहीत हाये."

"मी कंप्युटरात याचे लाख तुकडे केले. कोणत्या तुकड्यावर विजेचा ताण किती, थे हा सांगते. निळं म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. आता पाहा." तिने बोट दाबलं. निळ्या खांबाच्या बुडाशी एक लाल रेघ उमटली, नखाने ओरखडल्यासारखी. "मी इथं केसाएवढी फट टाकली."

"तू टाकली. म्हणजे खरी नाही."

 तिने त्या दिवशी काढलेला एक फोटो उघडला. त्यात माझा फ्लेक्स होता. त्याच्या दोन्ही दोऱ्या दोन बुशिंगांना बांधलेल्या होत्या, आणि वाऱ्याने फ्लेक्सचं पोट शिडासारखं फुगलं होतं.

"पारीवर वारा सुटला तवा खांब हालत व्हता बाबा. मी पायलं."

"टिकारामनं बांधला तो." माझ्या सभांचे फ्लेक्स तोच बांधतो.

"कोणी बी बांधू द्या. दोरी त थेच ना."

मी आवाज चढवला असेन. आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती, तिथूनच म्हणाली, "का गा इसवर, पोरीले कायले दटावतं? तुया फोटोनं खांब हालला असन त तुया फोटोले दटाव."

गुड्डी हसली. मला ते हसू ओळखीचं वाटलं नाही.

"फट आहे का नाही, एवढंच सांग," मी म्हणालो.

"थे मॉडेल नाही सांगू शकत. काका म्हणतात, मॉडेल एवढंच सांगते का जर फट असन, त चार्ज केल्यावर बुशिंग फुटन. आज नाही त दोन महिन्यानं. आन फुटलं त तेल पेटन. म्हणून पह्यले टेस्ट करा लागते."

जर! धनंजय, मी इतकी वर्षं बोलतो आहे, एका सभेत मी 'जर' म्हटलेलं नाही. 'जर'वर कोणी घर सोडून रस्त्यावर येत नाही. भंडाऱ्याहून टेस्टिंगची गाडी यायची तर फेब्रुवारी उजाडेल. उन्हाळी धानाचे पऱ्हे, रोवायची रोपं, तयार आहेत. सव्वीसलाच चार्ज करा, असं मी सबस्टेशनच्या तृप्ती मॅडमना सहीनिशी लिहून दिलं आहे. आणि मी लोकांसमोर जाऊन सांगू, की माझ्या भावाच्या संगणकात एक लाल रेघ दिसली?

तू खरं बोल. ही रेघ तिची आहे की तुझी? वीस वर्षं तिच्या वाक्यांची सुरुवात "बाबा म्हणतात"ने व्हायची. आता ती "काका म्हणतात"ने होते. आणि आई! तुझा कॉल आला की ती पदर सारखा करते, केसांवर पाण्याचा हात फिरवते. मी शंभर गावांतून हार घालून घरी आलो तरी ती तांदळातून मान वर काढत नाही.

इश्वर


१४ जानेवारी

धनंजय,

तुझा प्रबंध वाचला. गुड्डीने त्याची प्रत छापून आणली आहे. बाजूला पेन्सिलीने तिच्या खुणा आहेत, म्हणून मी शाईचा पेन घेतला. शब्दकोश शेजारी होता. तू समजत असशील, भाऊ फक्त बोलतो. भाऊ वाचतोही. तुझी समीकरणं मला कळली नाहीत, ती मी सोडली. पण समीकरणांच्या मधल्या जागेत तू जे लिहिलं आहेस ते मला नीट कळलं, आणि ते कळल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

चिनी मातीत फट पडली की तिच्यात हवा शिरते. माती, तेल आणि हवा या तिन्हींत हवा सगळ्यात दुबळी. आणि विजेचा ताण वाटला जातो तेव्हा तो दणकट मातीच्या वाट्याला कमी येतो, दुबळ्या हवेच्या वाट्याला जास्त. म्हणून आधी हवा तुटते.

ही माझी ओळ आहे!

कारध्याच्या पुलाजवळ, वैनगंगेच्या काठावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून मी हेच बोललो होतो. "ज्याच्यात सोसायची ताकद सगळ्यात कमी, त्याच्यावरच या देशात सगळ्यात जास्त भार!" तू तेव्हा होस्टेलात होतास. ती ओळ मी राज्याच्या सीमेवरच्या बपेऱ्यापर्यंत नेली, सीमेपलीकडून आलेल्या मजुरांनाही ती हिंदीत सांगितली. लोक ऐकायचे, हळहळायचे, आणि घरी जायचे. भाषणातली गोष्ट म्हणून सोडून द्यायचे. आता तेच तू चार रंगांत रंगवलंस तर ते विज्ञान झालं! तुला परदेशातून बोलावणी येतात. मला पोलीस ठाण्यातून यायची.

मला तुझा हेवा वाटतो. घे, लिहिलं. तुझ्या पगाराचा नाही, घराचा नाही. तुझं म्हणणं खोटं ठरलं तर तुला नवीन आकडे टाकून पुन्हा चित्र काढता येतं, याचा हेवा वाटतो. माझं म्हणणं खोटं ठरलं तर माझ्या दारावर माणसं येतात. तुझ्या 'जर'ला मान आहे. माझ्या 'असंच आहे'वरही लोक आता शंका घेतात. आणि सगळ्यात मोठा हेवा या गोष्टीचा, की माझ्या मुलीने तुझ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं आहे, "किती सुंदर."

ती लहान होती तेव्हा माझ्या भाषणाचे मुद्दे ती एका कागदावर लिहून द्यायची. तिने कधी त्यांच्या बाजूला काही लिहिलं नाही.

पुढच्या पानावर तू म्हणतोस, फटीतली ठिणगी बाहेरून दिसत नाही. ती आतल्या आत उडते, दर वेळी थोडी माती कोरते, आणि बाहेर सगळं शांत असताना आत वाट तयार होत जाते. मी तिथे पेन ठेवला. पुढचं पान उलटलं नाही.

टिकारामला विचारलं, दोरी किती घट्ट होती? तो म्हणाला, "भाऊ, तुमीच त म्हणलं ना, उंच बांध, लाखांदूरच्या रोडवरून दिसला पायजे." असेल. घाईत माणूस काहीही म्हणतो.

इश्वर


१६ जानेवारी

गुड्डी म्हणते, उन्हाळ्यात तू तिला बंगळुरूला बोलावलं आहेस, प्रयोगशाळेत, दोन महिने. मी नाही म्हणालो. तिने कारण विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

इश्वर


१९ जानेवारी

धनंजय,

काल समाजमंदिरात सव्वीसच्या तयारीची बैठक झाली. मंडप कोण टाकणार, बुंदी कोण करणार, एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यात गुड्डी उठली. माझ्याशी न बोलता, पहिल्या ओळीतून उठून लोकांकडे तोंड करून उभी राहिली. मी पाठीमागे खुर्चीवर. पहिल्यांदा मी तिची पाठ बघत होतो.

"टेस्ट झाल्याबिगर ट्रान्सफॉर्मर चार्ज करू नका," ती म्हणाली.

बैठकीत असा आवाज उठला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. टिकाराम सगळ्यांत पुढे. "का वो गुड्डे! तुया बापानं उन्हातान्हात बसून आणला, आन तू म्हणतं ठेवा झाकून? पऱ्ह्याले का तुया लॅपटॉपचं पाणी देऊ?"

लोक हसले. तिने समजवायला सुरुवात केली, पण घाबरून पुस्तकातली भाषा बोलू लागली. विद्युत क्षेत्राची तीव्रता, पराविद्युत स्थिरांक. मागून कोणीतरी ओरडलं, "मराठीत बोल ना बाप्पा!" ती मराठीतच बोलत होती, धनंजय. तिचा आवाज सुकत गेला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी पाच मिनिटांत ती सभा फिरवली असती. तू मान अथवा नको मानू, मला ते येतं. मी बसून राहिलो. मला बघायचं होतं, माझ्याकडून मिळालं नाही तर ती कोणाकडे हात पसरते.

"काकाले फोन लावते," ती म्हणाली. "काका सांगतील."

आणि सभा गप्प झाली. जे हसत होते ते सावरून बसले. "हां हां, धनंजय साहेबाले लाव. थे सांगतीन त मानू." ज्याने या गावात पंधरा वर्षांत पाय ठेवला नाही, त्याच्या नावाला! इथे घसा फुटेपर्यंत बोलणारा बाप बसला आहे, इथे लाख तुकडे स्वतःच्या हाताने करणारी मुलगी उभी आहे, आणि गावाला पाहिजे फोनमधला आवाज. मला तेव्हा काय झालं ते मी तुला सांगत नाही. रेंज नव्हती. फोन लागला नाही. ती खाली बसली.

घरी जाताना ती पुढे चालत होती. फाटकापाशी थांबली.

"बाबा, तुमी तरी बोलाचं होतं."

"काय बोलायचं होतं?"

"जे मले नाही जमलं थे."

मी फाटकाची कडी काढली आणि तिला पुढे जाऊ दिलं. 

जेवण झाल्यावर अंगणात मीच तिला विचारलं, फट म्हणजे नेमकं काय ते सांग. मला माहीत होतं, तरी विचारलं. लॅपटॉप बंद होता. ती दोन्ही हातांचे तळवे समोरासमोर धरून सांगू लागली. "हे दोन्हीकडे माती. मधात हवा. हवा सगळ्यात कच्ची, आन ताण तिच्याच वाट्याले जास्त येते."

"काहून?"

"बाजूची माती आपल्यावर कमी घेते बाबा. उरलेला सगळा हिच्यावर ढकलते."

आई पान लावत होती. ती थांबून म्हणाली, "मंग हे आपल्या गावासारखंच झालं का वो?"

गुड्डीने आजीकडे पाहिलं. "हो ना आजी. तसंच."

"आन फुटन त पह्यले आपूनच फुटून."

"हो."

आईने सुपारी तोंडात टाकली. "मंग टेस्ट करू दे ना बाप्पा. एवढी वर्षं अंधारात काढली, अजून दहा रोज काढू."

धनंजय, ज्या बाईला माझी ओळ कधी कळली नाही आणि तुझं चित्र कधी दिसलं नाही, तिला त्या मुलीने दोन तळव्यांत समजावलं. ती ओळ माझी नव्हती. तुझीही नव्हती. मी तिच्या तोंडात काही घातलं नव्हतं, आणि तूही तिथे नव्हतास. इतका आनंद आणि इतकी जळजळ मला एकाच वेळी कधी झाली नव्हती.

आज सकाळी मी सबस्टेशनला जाऊन माझी मागणी लेखी मागे घेतली. टेस्टिंग होईपर्यंत चार्ज करू नका, असं लिहिलं, आणि फ्लेक्स उंच बांध म्हणणारा मीच होतो हेही लिहिलं. तृप्ती मॅडमनी कागद दोनदा वाचला. "बरं झालं भाऊ. हे मी म्हटलं असतं तर तुम्ही माझ्याच दारात मोर्चा आणला असता." आणला असता.

म्हणजे सव्वीसला वीज येणार नाही. सव्वीसला झेंडावंदनानंतर ग्रामसभा बसेल आणि गाव विचारेल, का नाही? टिकाराम आत्तापासूनच सांगत फिरतो आहे की बापलेकीने मिळून गाव बुडवलं. त्या लोकांना उत्तर द्यावं लागेल. पऱ्हे पिवळे पडत असलेल्या माणसाला 'जर' समजावून सांगावा लागेल, आणि तो मानला नाही तर हीच माणसं उद्या सबस्टेशनच्या फाटकावर जाऊन मॅडमवर दबाव आणतील. हे काम मी करू शकतो. तू करू शकतोस. आपल्या दोघांपैकी कोणीही केलं, की गाव म्हणेल, बाप बोलला, काका बोलला. गुड्डीने नुसता फोटो काढला आणि कंप्युटर धरला, असं म्हणेल. त्या दिवसापासून ती आयुष्यभर आपल्यापैकी एकाचं नाव घेऊन बोलेल. तुझं घेईल. मला ते सोसणार नाही. आणि माझं घेतलं, तर तेही आता मला पुरणार नाही.

म्हणून मी गप्प बसायचं ठरवलं आहे. मी! खुर्ची मागे ठेवणार नाही, खाली लोकांत बसणार आहे. माझ्यासाठी हे किती कठीण आहे ते तुझ्या कोणत्याही मॉडेलमध्ये बसणार नाही. लोक हसतील तेव्हा मी उठणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं तरी उठणार नाही.

ती मात्र तयारी वेगळीच करते आहे. आज रेंजसाठी समाजमंदिराच्या कोणत्या खिडकीत उभं राहावं लागतं ते तिने शोधून ठेवलं. मला म्हणाली, "सव्वीसले काका फोनवर रायतील ना, मंग मले भेव नाही." उन्हाळ्यात तिला बंगळुरूला यायचं असेल तर तिने यावं. मी तिकीट काढून देईन, स्टेशनवर सोडायलाही येईन आणि गाडी सुटेपर्यंत तुला शिव्या देईन. पण ती तिथे तुझी शिष्या म्हणून येऊ नये. गावासमोर स्वतःच्या तोंडाने बोललेली बाई म्हणून यावी.

तू हुशार आहेस, प्रेमळ आहेस, आणि फोन वाजला की तुझा हात आपोआप जाईल. तुला वाटेल, पोरगी अडली आहे, दोन वाक्यं सांगितली तर काय बिघडलं? तिचा आवाज सुकेल, लोक ओरडतील, हे तुला बंगळुरूत बसून दिसेल. तरी तिला तिथे उभी राहू दे. तिच्याकडे दोन तळवे आहेत. ते तिला आठवायला वेळ लागेल, तेवढा वेळ तिला दे.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभेतून गुड्डीचा फोन येईल. उचलू नकोस.

इश्वर